तुमच्या खोलीत दिवा चालू होता

प्रश्न: नाशिकच्या इंदिरानगर भागात २४ फ्लॅटच्या इमारतीत आम्ही ९ वर्षे राहतो. वरच्या मजल्यावरील गृहस्थ पत्नीला मारहाण करतात, हे गेल्या सात-आठ महिन्यांत सगळ्या इमारतीला कळून चुकले आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, हा त्यांचा घरगुती मामला आहे. सुरुवातीला आम्हाला झोप लागत नसे. आता आवाज सुरू झाला की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. मी कोणाचे वाईट केलेले नाही. मग माझ्या गप्प राहण्याने नेमके कोणाचे काय बिघडते? आणि मध्ये पडायचे ठरवले, तर कायद्याच्या कचाट्यात न सापडता काय करता येईल?

उत्तर: कौटुंबिक समुपदेशनाचे काम मी नाशिकमध्ये २६ वर्षे करते आहे. टीव्हीचा आवाज वाढवतो, हे वाक्य आपण लिहिलेच नसते तरी प्रश्न पूर्ण झाला असता. ते आपण लिहिलेत, यावरून आपल्याला ते टोचते आहे हे कळते, आणि म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सातपूर भागात एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. समोरच्या घरात एक जोडपे आणि त्यांचा लहान मुलगा राहत असे. नवरा कंपनीतून दुसरी पाळी संपवून रात्री उशिरा घरी येई आणि आठवड्यातून एक-दोनदा तरी तिकडून मारण्याचा आणि ओरडण्याचा आवाज येई. मी तेव्हा अविवाहित होते, गावात नवी होते, आणि नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये हे वाक्य लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेले होते की ते मला शहाणपणाचेच वाटत असे. एका रात्री तो आवाज नेहमीपेक्षा बराच वेळ चालला. मी पुस्तक उघडे ठेवून बसून राहिले. पुढे दोन वर्षांनी तीच बाई एका कागदाच्या कामासाठी आमच्या केंद्रात आली. तिने मला ओळखले, आणि जराही राग न दाखवता, एखादी साधी आठवण सांगावी तशी म्हणाली, ‘‘ताई, त्या रात्री तुमच्या खोलीत दिवा चालू होता.’’ कोणाकोणाच्या घरात दिवा चालू होता आणि ती ओरडू लागल्यावर कोणाचा दिवा बंद झाला, हे सगळे तिला पाठ होते.

माझ्या गप्प राहण्याने कोणाचे काय बिघडते, या आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर त्या बाईच्या वाक्यात आहे. आपण गप्प बसतो तेव्हा आपण काहीच केले नाही, अशी आपली समजूत असते. पलीकडे मात्र ते गप्प बसणे ऐकू जाते आणि त्याचा अर्थ लावला जातो. मारणारा नवरा बहुतेक वेळा एक वाक्य बायकोला पुन:पुन्हा ऐकवत असतो, की तुझ्यासाठी कोणीही येणार नाही. ती ओरडते, जिन्यात कोणाची चाहूल लागत नाही, दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटलेले शेजारी नजर चुकवून ‘पाणी आले का’ एवढेच विचारतात, आणि त्या नवऱ्याचे म्हणणे खरे ठरते. ते खरे ठरवण्यात आपला हात असतो. पुढे तिचे ओरडणे कमी होते. आवाज कमी झाला म्हणून इमारतीला वाटते की आता त्यांचे बरे चालले आहे. माझ्या अनुभवात ओरडणे थांबणे हे पुष्कळदा मारहाण थांबल्याचे लक्षण नसते. कोणी येईल ही आशा संपल्याचे ते लक्षण असते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ ३० टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले आहे. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला याहून जड वाटतो. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती, आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागणे तर दूरच, ही गोष्ट कोणाला सांगितलीही नव्हती. ‘तिने कधी सांगितले नाही, मग आम्ही कसे बोलणार’ असे शेजारी म्हणतात तेव्हा हा आकडा मला आठवतो. आपल्या इमारतीत तर ती न सांगताही सगळ्यांना कळलेले आहे.

आता त्या गृहस्थांविषयी. मारहाण करणारे पुरुष समुपदेशनाला आले की बहुतेकांचे पहिले म्हणणे असते, की राग अनावर होतो. मी त्यांना विचारते, की अंबडच्या कारखान्यात साहेब सगळ्यांसमोर बोलतात तेव्हा राग येतो की नाही, आणि आला तर साहेबांवर हात उगारता का. राग तिथेही येतो, पण तिथे तो आवरतो. घरी पाहुणे असले की आवरतो, सासरे आले की आवरतो. ज्याला जागा पाहून राग आवरता येतो, त्याचा राग अनावर नाही. इथे मारले तर चालते, हे त्याने हेरलेले असते. सात-आठ महिने २४ घरांतून कोणीही दार वाजवत नाही, यातून त्याला परवानगी मिळत गेली आहे. आपण ती तोंडाने दिलेली नाही, तरी त्याने ती घेतलेली आहे. म्हणूनच साध्या दाराच्या घंटेचा त्या क्षणी उपयोग होतो. २००८ साली ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने ‘बेल बजाओ’ या नावाने जी मोहीम चालवली, तिचा सगळा भर याच एका गोष्टीवर होता, की शेजाऱ्याने जावे, घंटा वाजवावी, आणि दूध आहे का किंवा एक फोन करू का, असे काहीही किरकोळ विचारावे. विचारायचे काय, याला महत्त्व नाही. बाहेर कोणीतरी ऐकते आहे, हे आतल्या माणसाला कळणे महत्त्वाचे आहे.

मग चांगली, कुटुंबवत्सल, सणावाराला एकमेकांकडे फराळाची ताटे पाठवणारी २४ कुटुंबे गप्प का बसतात? ती निष्ठुर आहेत असे मी मानत नाही. १९६८ साली अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या छोट्या खोल्यांत एकेकटे बसवून ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावले होते, आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला गेला. तो आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला आहे, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते. हे ऐकणारा मी एकटाच आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के जण मदत बोलवायला उठले. आणखी चौघे जण हेच ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ३१ टक्केच उठले. या प्रयोगाची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. जे उठले नाहीत ते शांत बसलेले नव्हते; त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता, आणि प्रयोग घेणारी व्यक्ती आत आल्याबरोबर तो बरा आहे ना, असे ते विचारत होते. त्यांना कळवळा होता. दुसरा कोणीतरी काहीतरी करत असेल, या समजुतीत त्यांची वेळ निघून गेली. त्या प्रयोगातल्या खोल्या आणि आपल्या इमारतीतले फ्लॅट यांत मला फार थोडा फरक दिसतो. प्रत्येक जण आपापल्या भिंतीआड ऐकतो आहे, आणि पलीकडचा काय करतो आहे हे कोणालाच दिसत नाही.

ज्या घटनेमुळे असे प्रयोग सुरू झाले, तीही इथे सांगायला हवी, कारण ती चुकीची सांगितली जाते. १९६४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोवीज या तरुणीचा खून झाला, आणि ३८ शेजारी नुसते पाहत राहिले असे वर्तमानपत्राने छापले. पुढे तपासात ही संख्या फुगवलेली निघाली; एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला काही वेळ पळवून लावले होते, आणि एक शेजारीण धावत खाली जाऊन शेवटच्या क्षणी तिला कवेत घेऊन बसली होती. अलीकडे ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या शहरांतील २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासले, तेव्हा १० पैकी ९ घटनांत कोणी ना कोणी मध्ये पडल्याचे दिसले. ती भांडणे रस्त्यावरची होती. तिथे माणसे एकमेकांना दिसतात, एक पुढे झाला की दुसऱ्यालाही बळ येते. आपल्याकडेही पंचवटीच्या भाजीबाजारात कोणी बाईवर हात उगारला, तर चार माणसे धावतात. तोच हात दार लावून उगारला गेला की तीच चार माणसे घरगुती मामला म्हणतात. अडचण माणसांच्या स्वभावात कमी आणि त्या बंद दाराविषयीच्या आपल्या कल्पनेत अधिक आहे.

यावर काही वाचक जुन्या वाड्यांची आठवण काढतील. भद्रकाली, तिवंधा भागातल्या वाड्यांत एका चौकाभोवती दहा बिऱ्हाडे असत आणि काहीच लपून राहत नसे, हे खरे आहे. परंतु वाड्यातून आलेल्या कितीतरी वयस्कर स्त्रियांनी मला सांगितले आहे, की तिथे सगळे धावून येत, तिच्या कपाळाला हळद लावत, आणि मग तिलाच ‘घरोघरी मातीच्या चुली’ असे समजावून परत आत पाठवत. ज्याने मारले त्याला कोणी काही विचारत नसे. जवळ जाऊनही माणूस उदासीन राहू शकतो, हे मी त्यांच्याकडून शिकले. घंटा वाजवून तिला ‘थोडे सांभाळून घ्या’ असे सांगणार असाल, तर कृपा करून जाऊ नका.

पंचवटीत कामासाठी गेले की काळाराम मंदिरावरून माझा रस्ता जातो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, आणि काही वर्षे चालूनही ते दार उघडले नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. दार अडवून धरणारे लोक कोण होते, हे सांगता येते. मला त्याहून अधिक विचार करायला लावतात ती माणसे, जी त्या काळात त्याच रस्त्याने बाजारहाट करून, ‘आपण कशाला बोला’ म्हणत घरी जात असतील. त्यांनी कोणाला दगड मारला नाही. तरीही त्यांच्या मुकाट्याने जाण्या-येण्यामुळे दार अडवणाऱ्यांना आपल्यामागे सारे गाव उभे आहे, असे वाटत राहिले असणार. वरच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनाही आज तसेच वाटत असेल.

आपले स्वतःचे काय बिघडते, हे आपणच लिहिले आहे: सुरुवातीला झोप उडाली आणि आता हात आपोआप रिमोटकडे जातो. झोप उडत होती ती खूण चांगली होती. दुसऱ्याचे दुःख पाहून जी अस्वस्थता येते, ती आपल्याला उठवण्यासाठी येते. तिला वारंवार बसवून ठेवले की ती यायची थांबते, आणि ती केवळ वरच्या मजल्यापुरती थांबत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत मी हे पाहिले आहे, की शेजारचे रडणे ऐकून न ऐकल्यासारखे करायला शिकलेला माणूस पुढे स्वतःच्या म्हाताऱ्या आईचे कण्हणेही तसेच ऐकू लागतो. घरात मुले असतील तर तीही हा धडा घेत असतात. वरून आवाज आला की बाबा टीव्ही मोठा करतात, यातून मुलीला कळते की आपल्यावर अशी वेळ आली तर शेजारी येत नसतात, आणि मुलाला कळते की असे करणाऱ्याला कोणी काही म्हणत नसते.

कायद्याविषयी आपली भीती मी समजू शकते. मुंबई-आग्रा महामार्गावर अपघातग्रस्ताला उचलायला लोक याच भीतीने कचरत असत, म्हणून २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आले. घरातील हिंसेबाबत तर अशी तरतूद त्याहून जुनी आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्याच्या चौथ्या कलमानुसार, अशी हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. कळवणारा नातेवाईक असण्याची गरज नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. पुढेमागे साक्षीसाठी बोलावणे येणारच नाही, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण जे ऐकले तेवढेच सांगायचे असते, आणि ते सांगणे आपल्या आवाक्यातले आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगते. मारहाण चालू असेल आणि जिवाचे भय वाटत असेल, तर ११२ वर फोन करा आणि इमारतीचे नाव, मजला, फ्लॅट क्रमांक एवढे नीट सांगा. एकट्याने आत घुसून त्याला धरायला जाऊ नका. भय तेवढे नसेल, तर पत्नीला किंवा शेजाऱ्याला सोबत घेऊन घंटा वाजवा आणि काहीही साधे कारण सांगा. त्याला जाब विचारू नका आणि तिने कोणाजवळ तक्रार केली आहे असे सूचित होईल असा शब्दही काढू नका, कारण आपण परत फिरल्यावर दार पुन्हा लागते आणि ती आतच असते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय मुळीच मांडू नका. सभेच्या विषयपत्रिकेवरही नको. तिच्या दुःखाची चर्चा २४ घरांत झाली आणि मदत एकाही घरातून आली नाही, तर तिची स्थिती आजच्याहून वाईट होईल. त्याऐवजी एका विश्वासू शेजाऱ्याला समोरासमोर बसवून, ‘मला ऐकू येते, तुम्हालाही येते का’ एवढे विचारा. प्रत्येकाला वाटत असते की बाकीच्यांना हे फारसे गंभीर वाटत नाही. असे दोघे बोलले की तो समज पहिल्याच वाक्यात गळून पडतो. तारखा, वेळ आणि जे ऐकले ते एका वहीत लिहून ठेवा. मुलाला मार बसत असेल तर १०९८ वर कळवा.

तिच्याशी बोलण्याचे काम आपल्या पत्नीने करावे, हे बरे. गच्चीवर कपडे वाळत घालताना किंवा जिन्यात, नवरा घरी नसताना, ‘रात्री आम्हाला आवाज येतो, तुमची काळजी वाटते, कोणत्याही वेळी आमचे दार वाजवा’ एवढे सांगितले की पुरे. तुम्ही त्याला सोडत का नाही, हे विचारू नका. बाई निघून जायच्या बेतात असते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारे सगळे जाणतात. केव्हा आणि कसे निघायचे, हे तिच्याइतके बाहेरच्याला कळत नाही. तिला १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक तोंडी सांगा, चिठ्ठीवर लिहून देऊ नका. २००५ च्या कायद्याने राहत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे आणि न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळवता येतो, हे तिला माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे. तेही हळूहळू, तिने विचारले तर सांगा.

पहिल्यांदा विचारल्यावर बहुतेक जणी ‘काही नाही, भांडे पडले होते’ असे म्हणतात. त्यावर ‘बरं’ म्हणावे, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा विचारावे. सिडकोतील एका बाईने शेजारच्या काकूंना चार वेळा असेच उत्तर दिले होते, आणि काकूंनी कधी उलटतपासणी केली नाही की मनाला लावून घेऊन बोलणे सोडले नाही. पाचव्या वेळी काकूंनी विचारण्याआधीच ती दुपारी त्यांच्या दारात उभी राहिली, आणि रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला आणि दोन बांगड्या असलेली एक पिशवी त्यांच्या हातात देऊन म्हणाली, ‘‘एवढे तुमच्याकडे ठेवाल का?’’